वायरलेस कॅप्चर फाइलींतील अज्ञात फील्डांची नोंद कशी करावी

वायफायची पॅकेट पकडणारे कित्येक प्रोग्रॅम आपली फाइल स्वतःच्याच स्वरूपात जतन करतात आणि त्या स्वरूपाचे वर्णन एकतर कोठेच प्रसिद्ध झालेले नसते किंवा अर्धवट झालेले असते. अशा फाइलीतील फ्रेम वाचता येते, कारण ८०२.११ हे वायफायचे मानक उघड आहे. मात्र प्रत्येक फ्रेमच्या आधी प्रोग्रॅमने जे बाइट लिहिलेले असतात, ज्यांत ती फ्रेम कोणत्या चॅनेलवर, किती वेगाने, किती ताकदीच्या सिग्नलने आणि नेमकी केव्हा आली हे नोंदलेले असते, त्यांचा अर्थ लागत नाही. प्रोग्रॅमची विक्री बंद झाली की त्या स्वरूपातील जुन्या फाइलींमधली ही माहिती कायमची हरवण्याचा धोका असतो, आणि नेमकी हीच माहिती नेटवर्कमधील बिघाड शोधताना सर्वांत जास्त उपयोगी पडते. असे बाइट उलगडून त्यांचे विश्वासार्ह लेखी वर्णन तयार करणे हे या लेखाचे प्रयोजन आहे. वाचकाला हेक्स आकडे वाचता येतात आणि पायथनसारख्या भाषेत लहान प्रोग्रॅम लिहिता येतो, एवढेच गृहीत धरले आहे.

हेक्स आकडे लिहिताना दहा ते पंधरा या किमतींसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे वापरली आहेत. म्हणजे ‘६सी’ या बाइटची दशमान किंमत १०८ होते. ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासून बाइटचा क्रमांक, शून्यापासून मोजले आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी

नमुन्यांसाठी फक्त स्वतःच्या मालकीचे किंवा लेखी परवानगी मिळालेले नेटवर्क वापरावे. मजकूर कूटबद्ध असला तरी बीकन (ॲक्सेस पॉइंट ठरावीक अंतराने पाठवतो ती घोषणा) आणि प्रोब (नेटवर्क शोधण्यासाठीची विचारणा) या फ्रेममधून आसपासच्या उपकरणांचे मॅक पत्ते आणि नेटवर्कची नावे उघडपणे दिसतात, आणि नमुना फाइल दुसऱ्याला दिली की ती माहितीही त्याच्या हाती जाते. प्रोग्रॅमचा कोड उलट उकलण्यास त्याच्या परवान्यात मनाई असू शकते. येथे सांगितलेल्या पद्धतीत प्रोग्रॅमच्या आत डोकावण्याची गरजच पडत नाही: आपण प्रोग्रॅमला ठरावीक परिस्थितीत चालवतो आणि त्याने लिहिलेली फाइल वाचतो. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळावी आणि दस्तऐवजात तसे नमूद करावे, म्हणजे पुढे कोणी त्या दस्तऐवजावरून मुक्त सॉफ्टवेअर लिहू लागला तर त्याला शंका उरणार नाही.

आधी उघड स्वरूपे हाताने वाचावीत

अनोळखी फाइलीला हात घालण्याआधी ज्यांचे वर्णन पूर्णपणे उपलब्ध आहे अशी दोन स्वरूपे बाइटागणिक वाचून पाहावीत. पहिले पीकॅप, म्हणजे पॅकेट साठवण्याचे सर्वत्र वापरले जाणारे फाइलस्वरूप. त्याच्या सुरुवातीला २४ बाइटांचे हेडर असते. त्यातील पहिले ४ बाइट ‘ए१ बी२ सी३ डी४’ ही ओळखखूण असते आणि लिटल एंडियन, म्हणजे संख्येचा सर्वांत खालचा बाइट आधी लिहिणाऱ्या, यंत्रावर ती उलट क्रमाने, ‘डी४ सी३ बी२ ए१’ अशी दिसते. नॅनोसेकंदांच्या प्रकारात हीच खूण ‘ए१ बी२ ३सी ४डी’ होते. हेडरच्या शेवटच्या ४ बाइटांत जोडणीचा प्रकार असतो: १०५ म्हणजे नुसती ८०२.११ फ्रेम, ११९ म्हणजे प्रिझम हेडर, १२७ म्हणजे रेडिओटॅप, १९२ म्हणजे पीपीआय (शेवटची तिन्ही फ्रेमच्या आधी रेडिओची माहिती देणारी हेडर आहेत). त्यानंतर प्रत्येक फ्रेमच्या आधी १६ बाइट येतात, ज्यांत सेकंद, मायक्रोसेकंद, पकडलेली लांबी आणि मूळ लांबी असे चार आकडे असतात.

दुसरे स्वरूप रेडिओटॅप, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या आधी चॅनेल, वेग, सिग्नल अशी माहिती ठेवणारे हेडर, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यात आवृत्तीचा एक बाइट, एक रिकामा बाइट, दोन बाइटांची लांबी आणि चार बाइटांचा बिटनकाशा असतो. बिटनकाशातील जो बिट १ असेल त्या क्रमांकाचे फील्ड पुढे येते, फील्ड बिटांच्या क्रमानेच येतात, आणि प्रत्येक फील्ड हेडरच्या सुरुवातीपासून मोजलेल्या आपल्या नैसर्गिक सीमेवर ठेवले जाते. पुढील १५ बाइट कागदावर उतरवून स्वतः सोडवून पाहावेत:

०० ०० ०एफ ०० २ई ०० ०० ०० १० ०२ ८५ ०९ ए० ०० सी४

लांबी ‘०एफ ००’ म्हणजे १५. बिटनकाशा ‘२ई’ म्हणजे बिट १, २, ३ आणि ५, म्हणून पुढे फ्लॅग, वेग, चॅनेल आणि सिग्नल ही चार फील्डे आहेत. फ्लॅग ‘१०’ सांगतो की फ्रेमच्या शेवटी एफसीएस ही तपासबेरीज जोडलेली आहे. वेग ‘०२’ हा ५०० किलोबिटच्या एककात असल्याने १ मेगाबिट होतो. ‘८५ ०९’ ही लिटल एंडियन संख्या २४३७, म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये चॅनेल ६ ची वारंवारता. ‘ए० ००’ हे चॅनेलचे गुणधर्म: २.४ गिगाहर्ट्झ पट्टा आणि सीसीके ही मॉड्युलेशनची पद्धत. शेवटचा ‘सी४’ हा चिन्हांकित (ऋण किंमतही घेऊ शकणारा) बाइट असून त्याची किंमत उणे ६० डीबीएम आहे; डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे एकक आहे.

हा सराव टाळू नये, कारण अनोळखी स्वरूपातही बहुधा हीच माहिती वेगळ्या मांडणीत असते. वायफाय कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर जे कळवतात तेवढेच कोणताही प्रोग्रॅम लिहू शकतो. त्यामुळे अज्ञात बाइटांत काय शोधायचे याची यादी आपल्या हाती आधीपासूनच असते. अर्थ ओळखीचे असतात, फक्त त्यांच्या जागा, एकके आणि विशेष किमती ठाऊक नसतात.

नमुने गोळा करणे

एक ॲक्सेस पॉइंट, एक क्लायंट आणि एक कॅप्चर करणारे यंत्र एवढी मांडणी पुरते. प्रत्येक नमुन्यात एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सर्व तसेच ठेवावे. चॅनेल १, ६, ११ आणि ३६ वरचे चार नमुने. ॲक्सेस पॉइंटचा वेग ठरावीक ठेवून घेतलेले काही नमुने. यंत्र जवळ आणि दूर ठेवून घेतलेले दोन. सुरक्षा चालू आणि बंद असताना घेतलेले दोन. पॅकेटची कमाल पकडलांबी मर्यादित करून घेतलेला एक. त्या वेळची प्रत्येक सेटिंग, प्रोग्रॅमची पूर्ण आवृत्ती, कार्डाचे मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती आणि यंत्रावरील घड्याळाची वेळ लगेच लिहून ठेवावी, आणि फाइलीचा एसएचए-२५६ हॅश त्या नोंदीशेजारी नमूद करावा.

नवे लोक हमखास विसरतात असे दोन नमुने आहेत. पहिला म्हणजे एकही पॅकेट न पकडता जतन केलेली फाइल. तिच्यात फाइलीचे हेडर आणि असल्यास शेवटचा भाग एवढेच असते, म्हणून फ्रेमच्या गर्दीशिवाय ते पाहता येतात. दुसरा म्हणजे एकच मांडणी काहीही न बदलता पुन्हा घेतलेला नमुना. या दोन समान नमुन्यांत जे बाइट वेगळे दिसतात ते वेळ, मोजणी किंवा केवळ योगायोग यांचे असतात. पुढे सेटिंग बदलल्यावर तेच बाइट बदलले तर त्या बदलाला अर्थ चिकटवू नये. ही तुलना हाताशी नसेल तर पुढचे सर्व निष्कर्ष डळमळीत राहतात.

फ्रेम आणि त्यांच्या सीमा शोधणे

अज्ञात फाइलीत पाय रोवण्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे बीकन फ्रेम. ती ‘८० ००’ ने सुरू होते, पुढे कालावधीचे दोन बाइट बहुधा शून्य असतात आणि मग प्रसारणाचा पत्ता म्हणून सहा वेळा ‘एफएफ’ येतो. त्याच्या लगेच पुढे आपल्या ॲक्सेस पॉइंटचा मॅक पत्ता दिसला की फ्रेमची सुरुवात निश्चित झाली. हेक्सडंपमध्ये हा क्रम शोधून सर्व जागांचे ऑफसेट लिहून काढावेत. क्रम एकदाही सापडला नाही, तर फाइल संकुचित असण्याची शक्यता तपासावी: जीझिप प्रवाह ‘१एफ ८बी’ ने सुरू होतो आणि झेडलिबचा प्रवाह बहुधा ‘७८’ ने.

आता लांबीचे फील्ड शोधावे. प्रत्येक फ्रेमच्या आधीच्या तीसचाळीस बाइटांत, दोन आणि चार बाइटांच्या, दोन्ही एंडियन क्रमांच्या सर्व संख्या वाचाव्यात आणि त्यांपैकी कोणत्या संख्येएवढे पुढे गेले असता पुढच्या नोंदीच्या त्याच जागेवर पोहोचता येते ते पाहावे. एकदोन उड्या बरोबर पडणे पुरेसे नाही. पहिल्या नोंदीपासून सुरू झालेली साखळी प्रत्येक नमुना फाइलीच्या अगदी शेवटच्या बाइटपर्यंत, किंवा रिकाम्या नमुन्यात दिसलेल्या शेवटच्या भागापर्यंत, तंतोतंत पोहोचली पाहिजे. काही फाइलींत ती पोहोचते आणि काहींत एक ते तीन बाइटांनी चुकते असे दिसले, तर नोंदी दोन किंवा चार बाइटांच्या सीमेवर आणण्यासाठी भरण घातलेले असावे. लांबीची दोन फील्डे सापडली, तर त्यांतले पकडलेली लांबी कोणते आणि मूळ लांबी कोणते हे पकडलांबी मर्यादित केलेल्या नमुन्यावरून कळते. एरवी ती दोन्ही बहुतेक सारखीच दिसतात.

एसीके, म्हणजे फ्रेम मिळाल्याची पोच देणारी फ्रेम, येथे फार मोलाची आहे. ती ‘डी४ ००’ ने सुरू होते आणि तिची लांबी ठरलेली असते: एफसीएस धरून १४ बाइट, न धरता १०. म्हणून एका एसीकेच्या नोंदीतील लांबी पाहिली की प्रोग्रॅम एफसीएस जतन करतो की नाही याचा पहिला पुरावा मिळतो. १४ आले तर आधीच्या दहा बाइटांची सीआरसी-३२ ही तपासबेरीज स्वतः काढून ती शेवटच्या चार बाइटांशी पडताळावी, कारण काही प्रोग्रॅम ती जागा राखतात पण तीत खरी बेरीज लिहीत नाहीत.

वेळेचे फील्ड

वेळ ओळखणे तुलनेने सोपे असते, कारण ती वाढतच जाते. अवघड असते ते एकक आणि आरंभबिंदू ठरवणे. युनिक्सची सेकंदसंख्या १९७० पासून मोजली जाते. उदाहरणार्थ १७००००००००, म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३ ची रात्रीची १० वाजून १३ मिनिटे २० सेकंद ही यूटीसी वेळ, फाइलीत लिटल एंडियन क्रमाने ‘०० एफ१ ५३ ६५’ अशी दिसते. विंडोजची ६४ बिटांची वेळ १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजली जाते आणि युनिक्स आरंभापासून तिचे अंतर ११६४४४७३६०० सेकंद आहे. वरच्याच क्षणाला तिचे सर्वांत मोठे दोन बाइट ‘०१ डीए’ असतात आणि ते सुमारे ३२६ दिवसांनी एकाने वाढतात, म्हणून एकाच काळातील नमुन्यांत ते स्थिर वाटतात व ओळखखूण समजले जाण्याचा धोका असतो. जुन्या मॅकिन्टॉश वंशाच्या प्रोग्रॅममध्ये १९०४ चा आरंभ आढळतो. १९७० पासून त्याचे अंतर २०८२८४४८०० सेकंद.

एकक ठरवण्यासाठी बीकनपेक्षा चांगले घड्याळ नाही. बहुसंख्य ॲक्सेस पॉइंटवर बीकनमधील अंतर १०० टीयू ठेवलेले असते आणि एक टीयू म्हणजे १०२४ मायक्रोसेकंद, म्हणून सलग दोन बीकनमध्ये १०२.४ मिलिसेकंदांचे अंतर अपेक्षित असते. आपल्या अंदाजित फील्डमधील फरक १०२४०० च्या आसपास आला तर एकक मायक्रोसेकंद, १०२४००० आले तर १०० नॅनोसेकंद. शिवाय प्रत्येक बीकनच्या आत ॲक्सेस पॉइंटचा स्वतःचा ८ बाइटांचा टीएसएफ काळ मायक्रोसेकंदांत लिहिलेला असतो. फाइलीतील वेळ आणि हा काळ यांतील फरक शेकडो बीकनसाठी काढून पाहिला की फील्ड कार्डाच्या घड्याळातून आले आहे की यजमान यंत्राच्या (कार्ड बसवलेल्या संगणकाच्या), याचाही अंदाज बांधता येतो: यजमानाच्या वेळेत बीकनागणिक अनियमित उशीर दिसतो, कार्डाच्या वेळेत फरक जवळजवळ सरळ रेषेत सरकतो. ३२ बिटांचा मायक्रोसेकंद मोजक सुमारे ७१.६ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतो, म्हणून दीड तासाचा एक नमुना अवश्य घ्यावा.

तारीख स्थानिक वेळेत आहे की यूटीसीमध्ये हे यंत्राचा टाइमझोन बदलून, तीच मांडणी पुन्हा पकडून पाहावे. हा खात्रीचा मार्ग आहे.

चॅनेल, वेग आणि सिग्नल

येथे बहुतेक चुका होतात, म्हणून एका कल्पित उदाहरणाच्या आधारे सावकाश पाहू. समजा, प्रत्येक फ्रेमच्या आधी २० बाइटांचे हेडर आहे, पहिल्या १२ बाइटांत दोन लांब्या आणि वेळ असल्याचे सिद्ध झाले आहे, आणि चॅनेल ६ वरील एका बीकनच्या आधीचे उरलेले ८ बाइट असे आहेत:

०२ ०६ ४ई सी४ ए१ ०१ ०० ००

ओळखीचा डोळा लगेच म्हणतो की वेग १ मेगाबिट, चॅनेल ६, सिग्नल ७८ टक्के, सिग्नल उणे ६० डीबीएम आणि गोंगाट उणे ९५ डीबीएम. हा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, पण एका नोंदीवरून ती फक्त शक्यताच राहते. छोट्या आकड्यांची दुनिया दाट असते: ५४ मेगाबिट वेग म्हणजे १०८, हेक्समध्ये ‘६सी’, आणि चॅनेल १ च्या २४१२ या वारंवारतेचा खालचा बाइटही ‘६सी’ च. एकाच नमुन्यावर भरवसा ठेवणाऱ्याला या दोहोंतला फरक कळणारच नाही.

म्हणून प्रत्येक अंदाजाला तो खोटा ठरू शकेल अशी परीक्षा द्यावी. चॅनेलसाठी ही परीक्षा सोपी आहे, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या बीकनच्या आत डीएस पॅरामीटर नावाचा घटक असतो, ज्याचा क्रमांक ३ आणि लांबी १ असते आणि ज्यात ॲक्सेस पॉइंट आपला चॅनेल स्वतः सांगतो. चॅनेल १, ६ आणि ११ वरील नमुन्यांत ऑफसेट १३ चा बाइट या घटकाशी जुळतो का ते पाहावे. मात्र २.४ गिगाहर्ट्झमध्ये शेजारच्या चॅनेलवरील बीकनही ऐकू येते. तेव्हा फ्रेम ६ म्हणते आणि हेडर ५ म्हणते अशी नोंद सापडली तर अंदाज चुकला असे समजू नये, उलट हेडरमध्ये कार्ड ज्यावर ऐकत होते तो चॅनेल असतो हे त्यावरून कळते. हा बारकावा दस्तऐवजात आलाच पाहिजे. चॅनेल ३६ वर त्याच जागी ३६ (हेक्समध्ये ‘२४’) येते की ‘३सी १४’, म्हणजे ५१८० ही वारंवारता, हेही पाहावे.

वेगासाठी ८०२.११बी आणि जी चे ठरलेले बारा वेग उपयोगी पडतात. ५०० किलोबिटच्या एककात ते २, ४, ११, २२, १२, १८, २४, ३६, ४८, ७२, ९६ आणि १०८ असे येतात. जुन्या वेगांपुरत्या मर्यादित केलेल्या नमुन्यात त्या बाइटची प्रत्येक किंमत किती वेळा आली ते मोजावे; या बारांच्या बाहेरची एकही किंमत आली नाही तर अंदाज बळकट होतो. खरी अडचण ८०२.११एन या नंतरच्या, अधिक वेगवान प्रकारापासून सुरू होते. एका बाइटात या एककाने १२७.५ मेगाबिटच्या पुढे जाताच येत नाही, म्हणून एन, एसी आणि एएक्स फ्रेमसाठी प्रोग्रॅम बहुधा तोच बाइट वेगळ्या अर्थाने वापरतो, दुसऱ्या बाइटात वरचा भाग ठेवतो किंवा त्यात एमसीएस निर्देशांक (वेग ठरवणाऱ्या मॉड्युलेशन व कोडिंगच्या जोडीचा क्रमांक) लिहितो. अशा वेळी त्या बाइटचा अर्थ दुसऱ्या एखाद्या फ्लॅगवर अवलंबून असतो. अर्थ बदलणाऱ्या फील्डची नोंद करताना ‘अमुक बिट १ असेल तर’ ही अट फील्डच्या ओळीतच लिहावी, तळटीपेत ढकलू नये.

सिग्नलबाबत सर्वांत जास्त सावध राहावे. मानकात आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीचा निर्देशक) ही सापेक्ष संख्या आहे आणि तिचे डीबीएमशी नाते निर्मात्यावर सोडलेले आहे. म्हणून ऑफसेट १४ च्या बाइटला ‘टक्के’ म्हणण्याआधी त्याची कमाल किंमत खरोखर १०० आहे का ते ॲक्सेस पॉइंट अगदी जवळ ठेवून पाहावे. मग सर्व नोंदींसाठी ऑफसेट १४ आणि १५ च्या किमती आलेखावर मांडाव्यात. सर्व बिंदू एकाच रेषेवर बसले, तर एक फील्ड दुसऱ्यावरून गणित करून भरलेले आहे आणि दोन्ही स्वतंत्र मोजमापे नाहीत. ही गोष्ट वाचणाऱ्याला सांगणे अत्यंत आवश्यक आहे. ऑफसेट १६ चा ‘ए१’ सर्व नमुन्यांत, सर्व जागी, सर्व चॅनेलवर तसाच राहिला, तर तो गोंगाटाची जागा असेलही, पण ते मोजलेले गोंगाटाचे मान मात्र नाही. अनेक ड्रायव्हर गोंगाट मोजत नाहीत आणि एक ठरावीक आकडा भरतात. शक्य असेल तर दुसऱ्या निर्मात्याचे कार्ड लावून नमुना घ्यावा.

स्वतंत्र साक्ष म्हणून दुसऱ्या यंत्रावर मॉनिटर मोडमध्ये (ज्यात कार्ड हवेतील सर्व फ्रेम ऐकते) रेडिओटॅपसह तोच काळ पकडणे हा या साऱ्यातील सर्वांत फलदायी उपाय आहे. दोन फाइलींतील फ्रेम प्रेषकाचा पत्ता, १२ बिटांचा क्रमांक आणि पुनर्प्रेषणाचा बिट यांवरून जुळवता येतात. चॅनेल आणि वेग जुळलेच पाहिजेत. सिग्नल जुळणार नाही, कारण दोन अँटेना दोन जागी आहेत. तपासत असलेला प्रोग्रॅम आपली फाइल पीकॅपमध्ये निर्यात करू शकत असेल, तर ती निर्यातही घ्यावी, पण तिला अंतिम पुरावा मानू नये. निर्यात करताना प्रोग्रॅम काही किमती गाळतो किंवा गोल करतो.

फ्लॅग

फ्लॅगचा बाइट संख्या म्हणून न वाचता आठ स्वतंत्र बिट म्हणून वाचावा. प्रत्येक बिटासाठी फ्रेमच्या आतून स्वतंत्रपणे ठरवता येणारा एक गुणधर्म निवडावा आणि चौकटीत मोजणी करावी: बिट १ आणि गुणधर्म खरा, बिट १ आणि गुणधर्म खोटा, बिट ० आणि खरा, बिट ० आणि खोटा. मधल्या दोन चौकटी रिकाम्या राहिल्या तरच संबंध मानावा. गुणधर्म पुष्कळ मिळतात: फ्रेम कंट्रोलच्या दुसऱ्या बाइटातील ‘४०’ हा संरक्षित फ्रेमचा बिट, ‘०८’ हा पुनर्प्रेषणाचा, स्वतः काढलेल्या सीआरसीचा निकाल, फ्रेम कॅप्चर करणाऱ्या यंत्रानेच पाठवलेली असणे. चुकीच्या एफसीएसच्या फ्रेम हव्या असतील तर यंत्र दूर न्यावे. त्या आपोआप येऊ लागतात.

एका विशिष्ट सापळ्याची आठवण येथेच करून देतो. काही हार्डवेअर क्यूओएस (डेटाला प्राधान्यक्रम देणाऱ्या) फ्रेमच्या २६ बाइटांच्या हेडरनंतर दोन बाइटांचे भरण घालते, म्हणजे पुढचा मजकूर चारच्या सीमेवर येतो. रेडिओटॅपमध्ये यासाठी ‘२०’ हा स्वतंत्र फ्लॅग आहे. अज्ञात स्वरूपात हे भरण असले तर फक्त क्यूओएस डेटा फ्रेम विचित्र दिसतात आणि बीकन मात्र नीट वाचली जाते. सुरक्षा बंद ठेवलेल्या नमुन्यात अशा फ्रेममध्ये ८०२.११ हेडरनंतर येणाऱ्या एलएलसी हेडरचे ‘एए एए ०३’ हे बाइट ऑफसेट २६ वर आहेत की २८ वर, हे पाहिले की प्रश्न सुटतो.

दस्तऐवज लिहिणे

प्रत्येक फील्डसाठी ऑफसेट, रुंदी, बाइटक्रम, चिन्ह आहे की नाही, एकक, नमुन्यांत दिसलेल्या किमती, विशेष किमती, कोणत्या नमुन्यांवरून हे ठरवले आणि प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती, एवढे लिहावे. निरीक्षण आणि अनुमान यांना वेगवेगळ्या रकान्यांत ठेवणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. ‘ऑफसेट १८ आणि १९ सर्व नमुन्यांत शून्य’ हे निरीक्षण आहे. ‘राखीव’ हे अनुमान आहे, आणि तसे लिहिणारा निर्मात्याच्या मनातले सांगण्याचा दावा करतो. असे घाईचे अनुमान पुढचा प्रोग्रॅमर खरे मानतो, ते बाइट न तपासता टाकून देतो, आणि नव्या आवृत्तीत तेथे काही आले तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

खात्रीच्या तीन पायऱ्या पुरेशा आहेत: स्वतंत्र पुराव्याने पडताळलेले, सर्व नमुन्यांशी सुसंगत पण न पडताळलेले, आणि अज्ञात. अज्ञात बाइटांना ऑफसेटवरून तटस्थ नाव द्यावे, जसे ‘अज्ञात १७’. अर्थ सुचवणारे नाव देऊ नये, कारण एकदा कोडमध्ये गेलेले नाव क्वचितच बदलते. वायरशार्क या मुक्त पॅकेट-विश्लेषक प्रोग्रॅमच्या, कॅप्चर फाइली वाचणाऱ्या वायरटॅप लायब्ररीत, नेटएक्सरे या जुन्या प्रोग्रॅमचे स्वरूप वाचणाऱ्या कोडमध्ये न उलगडलेले बाइट ‘एक्सएक्सएक्स’ अशा नावाखाली ठेवले आहेत आणि ज्यांचा अर्थ पुढे लागला त्यांविषयी टिप्पण्या जोडल्या आहेत. तो कोड अवश्य वाचावा. अनेक वर्षांचे आणि अनेकांचे काम एकमेकांवर कसे रचले जाते, हे त्यातून दिसते.

खोट्या ठरलेल्या अंदाजांनाही दस्तऐवजात जागा द्यावी. ‘ऑफसेट १७ हा अँटेनाचा क्रमांक नाही, कारण एकाच अँटेनाच्या कार्डावरही ०१ आणि ०३ दोन्ही येतात’ या एका वाक्यामुळे पुढच्या माणसाचा मोठा वेळ वाचतो.

पडताळणी आणि हस्तांतर

दस्तऐवज पूर्ण झाला असे वाटले की केवळ त्याच्यावरून, जुन्या प्रयोगाच्या कोडची मदत न घेता, एक लहान वाचक प्रोग्रॅम लिहावा. कायताई स्ट्रक्टसारख्या वर्णनभाषेत लिहिल्यास उत्तम, कारण तेच वर्णन अनेक भाषांतील वाचक तयार करते आणि माणसालाही वाचता येते. हा वाचक कठोर असावा: दस्तऐवजात नसलेली किंमत दिसली की त्याने थांबून फाइलीचे नाव, नोंदीचा क्रमांक आणि ऑफसेट सांगावा. अज्ञात किमतीवर गप्प राहणारा वाचक पडताळणीच्या कामाचा नसतो. फ्रेम वायरशार्कमध्ये पाहायच्या असतील तर त्यांना स्वतः बनवलेले रेडिओटॅप हेडर जोडून १२७ क्रमांकाच्या पीकॅपमध्ये लिहावे. मग चॅनेल, वेग आणि सिग्नल यांचे स्तंभ समोर येतात आणि विसंगती चटकन दिसते. ज्या फील्डचा अर्थ पडताळलेला नाही ते रेडिओटॅपमध्ये भरू नये, कारण तेथून पुढे ते प्रमाणित माहिती म्हणून वाचले जाईल.

नमुने प्रसिद्ध करण्याआधी त्यांतील परक्या उपकरणांच्या नोंदी काढून टाकाव्यात. मॅक पत्ते बदलले तर एफसीएस चुकीचा ठरतो, म्हणून तो नव्याने काढावा, मुळात चुकीचा असलेला एफसीएस चुकीचाच ठेवावा, आणि फाइलीत काय बदलले ते सोबत लिहावे. सर्वांत चांगले म्हणजे मुळातच फक्त स्वतःची उपकरणे असलेल्या जागी प्रकाशनासाठी वेगळा नमुना घ्यावा. दस्तऐवज, वाचक प्रोग्रॅम आणि हॅशसह नमुने एकत्रच द्यावेत. नमुन्यांशिवाय दिलेले वर्णन दुसऱ्याला तपासता येत नाही.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की आधी जुन्या वाचकावर तिचा रिकामा नमुना आणि चॅनेल ६ चा नमुना चालवावा. हेडरमधील आवृत्तीचा आकडा बदलला नाही म्हणून स्वरूप बदलले नाही असे धरू नये. नोंदीची लांबी वाढली आहे का, शून्य असलेल्या जागी काही आले आहे का, हे प्रत्यक्ष पाहावे. आणि उरलेल्या अज्ञात बाइटांची यादी दस्तऐवजाच्या शेवटी न ठेवता पहिल्याच पानावर, त्या प्रत्येकासाठी कोणता नमुना मिळाला तर उलगडा होऊ शकेल या उल्लेखासह द्यावी, म्हणजे ज्याच्याकडे वेगळे कार्ड किंवा जुनी आवृत्ती असेल त्याला कोणती फाइल पाठवायची हे लगेच समजेल.